परभाषेचें शिक्षण : तेव्हां आणि आतां

परक्या भाषेचें शिक्षण पूर्वीं कसें होत असे आणि आज कसें होतें, या विषयावर आज चार शब्द बोलावयाचे आहेत. हा विषय हातीं घेण्याचा माझा अधिकार मोठा आहे असें मुळींच नाहीं. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला, कोंकणांतील एका खेड्याच्या मराठी शाळेचा निवृत्त शिक्षक आहें. इंग्रजी ही एकच परकी भाषा मला थोडीफार येते, आणि तीहि वाचावयास जितकी येते तितकी बोलावयास येत नाहीं. परंतु ही अर्धवट आलेली भाषा मीं सदतीस वर्षें मुलांना शिकविली. आपणांस पुरती न येणारी विद्या दुसऱ्यास देतांना माणसाला जे अनुभव येतात, ते मोठ्या पंडितांच्याहि वांट्यास येत नाहींत. तेवढ्याच बळावर मी आज आपल्याशीं बोलण्यास बसलों आहें.

आरंभ थोडा दुरून करतों. आपली मायबोली हीच ज्यांना परकी होती, अशा माणसांनीं ती कशी साध्य केली तें प्रथम पाहूं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ सालीं गोव्यास येऊन पोंचला. त्या काळीं मराठी शिकूं इच्छिणाऱ्या परक्याच्या हातीं छापील व्याकरण नव्हतें, छापील कोश नव्हता, भाषा शिकविणारी शाळा तर नव्हतीच. होतीं तीं सासष्टीच्या गांवांतील माणसें आणि त्यांचें बोलणें. हा गृहस्थ त्या माणसांत राहिला, त्यांचें बोलणें ऐकत राहिला. आणि १६१६ सालीं राचोल येथें त्याचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें, तें सुमारें अकरा हजार ओव्यांचें. परक्या देशांत जन्मलेल्या माणसानें मराठी ओवी लिहावी आणि ती मराठी माणसाच्या कानाला आपलीच वाटावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. त्यानें कोंकणीचें व्याकरणहि रचलें. तें त्याच्या मरणानंतर, १६४० सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे जें साधन त्याला स्वतःला मिळालें नव्हतें, तें मागून येणारांसाठीं तो करून ठेवून गेला.

पुढें इंग्रजी अमदानींत मोल्सवर्थ साहेब आला. हा मूळचा लष्करांतला माणूस. आपल्या पंडितांना बरोबर घेऊन त्यानें मराठीचे शब्द गोळा केले, आणि १८३१ सालीं त्याचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें साठ हजार शब्द आहेत. तो कोश आजहि कोणी उघडून पाहावा. त्यांत पोथींतले शब्द आहेत, तसेच कुणब्याच्या, सुताराच्या, चुलीपाशीं बसलेल्या बाईच्या तोंडचे शब्दहि आहेत. म्हणी आहेत, आणि चारचौघांत उच्चारूं नयेत असेहि शब्द आहेत. ज्यानें नुसतीं पुस्तकें वाचलीं, त्याच्या हातून असा कोश होणें नाहीं.

उलट बाजूनें पाहिलें तरी हेंच दिसतें. आमच्या कोंकणांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८३२ सालीं 'दर्पण' पत्र काढलें, त्यांत इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीं शेजारीं छापलेला असे. त्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें! गोव्याच्या सांखवाळ गांवचे धर्मानंद कोसंबी यांनीं बुद्धधर्माचें मूळ वाङ्मय वाचावयाचें म्हणून घरदार सोडलें. १९०२ सालीं कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत जाऊन ते पाली शिकले. पुढें त्याच विद्येसाठीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांना बोलावून घेतलें.

या सर्व मंडळींच्या शिक्षणांत दोन गोष्टी समान दिसतात. पहिली, प्रत्येकाला त्या भाषेची निकड होती. दुसरी, प्रत्येकापुढें त्या भाषेंत राहणारीं जिवंत माणसें बसलेलीं होतीं. पंडित असो, भिक्षु असो कीं गांवचा शेतकरी असो, 'असें नव्हे, असें म्हणतात' हें सांगणारा कोणी तरी होता, आणि तें ऐकून आपली चूक सुधारण्याची शिकणाऱ्याची तयारी होती.

यानंतर काळ पालटला. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, आणि इंग्रजी हें चार बुद्धिमान् माणसांच्या आवडीचें काम न राहतां नोकरीच्या दाराची किल्ली होऊन बसलें. शेंकडों, मग हजारों मुलांना ही भाषा शिकवावयाची म्हटल्यावर प्रत्येकापुढें इंग्रज बसविणें शक्य नव्हतें. तेव्हां त्याच्या जागीं पुस्तक आलें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचें नांव ऐकलें नाहीं असा माझ्या पिढींतील शिकलेला मराठी माणूस विरळा. तिची पद्धति साधी होती. आधीं कांहीं शब्द, मग एखादा नियम, आणि मग इंग्रजीचीं मराठींत व मराठीचीं इंग्रजींत करावयाचीं वाक्यें. पुढचा धडा मागच्या धड्याच्या खांद्यावर उभा. एक पायरी चुकली तर वरची पायरी सांपडत नसे.

या पद्धतीला आज हंसण्याची रीत पडली आहे. मी हंसणार नाहीं. माझ्या वडिलांच्या हातची ती पुस्तकें मीं वापरलीं आहेत. भाषांतर करतांना इंग्रजी तर येईच, पण त्याहून अधिक मराठी कळे. कर्ता कोणता, कर्म कोणतें, हें क्रियापद कोणाच्या मागें चालतें, याचा विचार आपल्या भाषेंत बोलतांना कोण करतो? तो विचार करावयास त्या पुस्तकांनीं भाग पाडलें. खेड्यांतल्या मुलाला गुरु नसला तरी कंदिलाच्या उजेडांत एकट्यानें वाटचाल करतां येईल, असा तो मार्ग होता, आणि कित्येक मुलें त्या मार्गानें खरोखरच वर आलीं.

परंतु या मार्गांत एक मोठा खड्डा होता. ही भाषा डोळ्यांनीं शिकविली जात असे. कानाला तिचा स्पर्शच होत नसे. मला माझ्या शिक्षकांनीं शिकविलें, त्यांना त्यांच्या शिक्षकांनीं. आणि या साखळींतील कोणीहि इंग्रज माणसाचें बोलणें ऐकलेलें नव्हतें. त्या खड्ड्यांत मी कसा पडलों, आणि माझ्याबरोबर दुसऱ्या एकाला कसें पाडलें, तें आज सांगावयाचें ठरविलें आहे.

गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हां सातवीला इंग्रजी शिकवीत असें. धड्यांत बेट या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. त्याच्या अक्षरांत 'एस' आहे, म्हणून मीं त्याचा उच्चार 'इसलंड' असा केला आणि वर्गाकडून तीन वेळां म्हणवून घेतला. मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचा बाप जहाजावर खलाशी होता. आमच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष असे समुद्रावर असतात. तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, माझे बाबा 'आयलंड' म्हणतात."

वर्ग हंसला. मला तें हंसणें माझ्याविषयीं आहे असें वाटलें. मी म्हणालों, "तुझे बाबा किती बुकें शिकले आहेत रे?" तो कांहीं बोलला नाहीं. त्याला मीं तास संपेपर्यंत उभें ठेवलें, आणि 'इसलंड' हा शब्द शंभर वेळां लिहून आणावयास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें तो लिहून आणला. अक्षर सुरेख होतें. त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्यानें एकदांहि तोंड उघडलें नाहीं.

याला वर्ष उलटून गेल्यावर एका रात्रीं मी घरीं रेडिओ लावून बसलों होतों. इंग्रजी बातम्या मला फारशा कळत नसत, पण कानावरून जाव्यात म्हणून ऐकत असें. बातमी अंदमान आणि निकोबारविषयीं होती. वृत्तनिवेदकानें तो शब्द उच्चारला, आणि स्वच्छ 'आयलंड्स' असा उच्चारला. 'एस' मुका होता! मी हातांतला पेला खालीं ठेवला. दुसऱ्या दिवशीं शाळेंत लवकर जाऊन कपाटांतला कोश काढला. त्यांत उच्चार दिलेला होता. तो कोश त्या कपाटांत पहिल्यापासूनच होता.

श्रोतेहो, माझ्या मनाला लागलें तें हेंच. मला खरा उच्चार माहीत नव्हता, हा दोष माझ्या काळाचा म्हणतां येईल. परंतु मुलानें शंका काढली तेव्हां चार पावलें चालून कपाट उघडावें, हें मला सुचलें नाहीं, हा दोष काळाचा नव्हे, तो माझाच. मी त्या मुलाचा शोध केला. तो सातवीनंतर शाळा सोडून गेला होता, आणि पुढें बापासारखाच समुद्रावर गेला असें कळलें. त्याच्या घरीं जाऊन मीं त्याच्या आईला झाला प्रकार सांगितला. ती माउली म्हणाली, "गुरुजी, तुम्ही कशाला इतकें मनाला लावून घेतां?" त्या मुलाची आणि माझी गांठ अजून पडलेली नाहीं. तो आज जगाच्या कोणत्याहि किनाऱ्यावर असो, त्याचें म्हणणें खरें होतें आणि माझें खोटें होतें, हें मी या ठिकाणाहून सांगतों. त्यानंतरच्या प्रत्येक सातवीच्या वर्गाला तो धडा आला कीं ही गोष्ट मीं नियमानें सांगत आलों. आणि कोणी मूल 'गुरुजी, असें नव्हे' म्हणून उठलें, तर आधीं कोश उघडीत आलों.

आतां आजच्या काळाकडे वळूं. कानाचा दुष्काळ हळूहळू संपत आला. ध्वनिमुद्रिका आल्या, १९४३ सालीं बी.बी.सी.नें रेडिओवरून इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. मग ध्वनिफिती आल्या, दूरचित्रवाणी आली. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊं लागली. २००६ सालीं गूगल कंपनीनें भाषांतराची सोय सुरू केली, आणि २०१३ सालीं त्या सोयींत मराठीचा समावेश झाला. आतां तर मोबाईल हातांत घेऊन कोणताहि शब्द टाइप करावा, तो बोलून दाखवितो. आपण बोललेलें ऐकतो, आणि चूक असेल तर तेंहि सांगतो. मीं ज्या मुलाला उभें केलें, त्याच्या खिशांत त्या दिवशीं असें यंत्र असतें, तर खरें काय तें एका क्षणांत वर्गापुढें आलें असतें. शिक्षकाचा शब्द म्हणून खोटें चालून जाण्याचे दिवस या यंत्रानें संपविले. याबद्दल मी त्याचा ऋणी आहें.

तथापि या नव्या मार्गांतहि खड्डा नाहीं असें नाहीं. माझ्या शेजारची एक मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून जर्मनीला जाण्याच्या खटपटीस लागली. युरोपांत भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरविलेल्या आहेत. तेथें परिचारिका म्हणून काम करावयाचें तर सामान्यतः चौथी पायरी गांठावी लागते. घरच्यांनीं तिच्यासाठीं कर्ज काढलें होतें. ती मोबाईलवर रोज नेमानें जर्मन शिकत असे. तिला शब्द शेंकडों येत, उच्चारहि मला तरी सफाईदार वाटत. परंतु परीक्षेंत स्वतःचीं वाक्यें लिहावयाचीं आणि बोलावयाचीं वेळ आली तेव्हां ती अडखळली, आणि नापास झाली. त्या संध्याकाळीं ती आमच्या ओटीवर येऊन बसली. म्हणाली, "गुरुजी, यंत्र विचारतें तेव्हां मला सगळें येतें. माणूस विचारतो तेव्हां कांहींच येत नाहीं."

मला जर्मनचें अक्षरहि माहीत नव्हतें. मीं तिला म्हटलें, "काय अडतें तें मला सांग, मी मराठींत पाहतों." तिनें सांगितलें कीं त्या भाषेंत नामाच्या आधीं येणारा एक छोटा शब्द सारखा रूप बदलतो. 'माणूस आला' म्हणतांना तो 'डेर' असतो, 'मी माणसाला पाहतों' म्हणतांना 'डेन' होतो, आणि 'मी माणसाला पुस्तक देतों' म्हणतांना 'डेम' होतो. तिचे पाठ इंग्रजींतून होते, आणि इंग्रजींत हा शब्द मुळीं बदलतच नाहीं. त्यामुळें तिला त्यांत कांहीं धोरण दिसेना. ती तीं रूपें नुसतीं घोकीत होती.

श्रोतेहो, हें ऐकून मला तर्खडकर आठवले. मीं तिला सांगितलें, "अग, ही तर विभक्ति! आपल्याकडे दोन्ही ठिकाणीं 'माणसाला'च म्हणतात, म्हणून तुझा घोंटाळा झाला. रूपाकडे पाहूं नकोस, अर्थाकडे पाहा. पाहण्याची क्रिया थेट ज्याच्यावर घडते तें प्रत्यक्ष कर्म. दिलें जातें तें पुस्तक. माणूस हा घेणारा, तें अप्रत्यक्ष कर्म. आपण ज्याला एकच 'ला' लावतों, त्याचे त्या लोकांनीं दोन भाग केले आहेत." ती एकदम सरळ होऊन बसली. मग आम्ही दोघेंहि त्या भाषेंत आपली भाषा शोधूं लागलों. जर्मनींतहि तीन लिंगें आहेत, हें कळल्यावर मला मोठी मौज वाटली. आपल्या 'तो, ती, तें' प्रमाणेंच त्यांचें चालतें. मात्र त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे, आणि त्यांची 'मुलगी' नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीवाल्याला निर्जीव वस्तूला लिंग असतें हेंच नवल वाटतें. आपल्या मुलाला तें जन्मापासून ठाऊक असतें. 'कारण' या अर्थाचा त्यांचा एक शब्द आहे, तो आला कीं क्रियापद वाक्याच्या शेवटीं जातें, तें तर आपल्या अंगवळणींच पडलेलें. दोन महिने रोज संध्याकाळीं ती मराठी वाक्याचें पृथक्करण करी आणि मग त्याचें जर्मन करी. उच्चार मोबाईलला विचारी. जुनी पाठमाला आणि नवें यंत्र एकाच ओटीवर शेजारीं शेजारीं नांदलीं. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली.

आज ती दक्षिण जर्मनींतील एका रुग्णालयांत काम करते. तिकडून तिचा पहिला फोन आला तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, येथल्या म्हाताऱ्या माणसांची बोली मोबाईलमधल्या भाषेसारखी नाहींच मुळीं. पहिले आठ दिवस मला कांहीं समजेना. आतां एक आजी मला रोज शिकवितात. मी चुकलें कीं हंसतात आणि पुन्हां म्हणावयास लावतात."

तिचें हें बोलणें ऐकून मला फार समाधान झालें. सासष्टीच्या गांवांत स्टीफन्सला जें मिळालें आणि मोल्सवर्थला पंडितांकडून जें मिळालें, तेंच अखेर या मुलीला एका आजारी आजीबाईच्या उशाशीं मिळालें.

तेव्हां जुनें बरें कीं नवें बरें, असा प्रश्न मला कोणी केला तर माझें उत्तर असें आहे. जुन्या पद्धतीनें भाषेचा सांगाडा दिला, पण आवाज दिला नाहीं. नवी पद्धति आवाज देते, पण सांगाडा ज्याचा त्यानें उभारावा लागतो. आणि तो उभारावयास आपल्या मातृभाषेच्या व्याकरणासारखें दुसरें साधन नाहीं. म्हणून ज्या आईबापांना आपलीं मुलें परदेशीं जावींत असें वाटतें, त्यांना माझें सांगणें आहे कीं मुलांचें मराठी कच्चें ठेवूं नका. आपली भाषा ज्याला उलगडून पाहतां येते, त्याला दुसऱ्याची भाषा परकी राहत नाहीं. यंत्राकडून भाषांतर करून घेणें सोपें झालें आहे. परंतु तें भाषांतर यंत्राला आलें, आपल्याला नव्हे. रुग्णाच्या उशाशीं उभें राहून त्याला कोठें दुखतें तें विचारावयाचें, तर तें वाक्य आपल्याच मुखांत असलें पाहिजे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. आतां कोश कपाटांत नाहीं. तो मुलांच्या हातांत आहे. एखादें मूल उभें राहून म्हणेल, "गुरुजी, असें नव्हे." त्या वेळीं त्याला उभें ठेवूं नका. त्याच्याबरोबर तो कोश उघडा. आपलें खरें ठरलें तर त्याला लाभ होईल. त्याचें खरें ठरलें तर आपल्याला होईल, आणि वर्गाला दोन्ही प्रसंगीं होईल. मला हें समजावयास एक वर्ष आणि एक मुलगा गमवावा लागला. आपणांस तें आज फुकट मिळत आहे, तें घ्यावें.